पहिली रायफल आणि दुसरी गोळी

पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी आणि तिच्यावर साधी माशी ठेवावी की दुर्बीण बसवावी, हा प्रश्न अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरात पहिली मोटार कोणती घ्यावी या प्रश्नाइतक्याच सहजतेने विचारला जातो. तेथे त्याची उत्तरे दुकानांच्या फळ्यांवर मांडलेली असतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील तरुणाला हा प्रश्न कालपरवापर्यंत पडण्याचे कारण नव्हते. आज तो पडू लागला असेल, तर त्याचे आश्चर्य वाटण्याचेही कारण नाही. हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर जगातली सारी शस्त्रे दिसतात, त्यांच्या किमती दिसतात, त्यांची स्तुती ऐकू येते. आपण ज्या देशात राहतो त्याचा कायदा आणि आपण ज्या शेतात उभे आहोत त्याची लांबीरुंदी मात्र त्या पडद्यावर दिसत नाही.

या कुतूहलामागे एक आनंदाचे कारणही आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी या खेड्याचे सुपुत्र स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींतील स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी ७२ वर्षे जावी लागली, आणि ते आले रायफलमधून. उसाच्या आणि कुस्तीच्या मुलुखातील मुलाला रायफल हाती घ्यावीशी वाटली, तर त्याला वेड्यात काढणे बरोबर होणार नाही. त्याला खरे उत्तर देणे हे वडीलधाऱ्यांचे आणि शिक्षकांचे काम आहे.

हा प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे लोक असतात. पहिला शेतकरी, त्याच्या उसात आणि मक्यात रानडुकरे शिरतात. दुसरा, ज्याच्या हाती चार पैसे खेळू लागले आहेत आणि ज्याला संरक्षणाच्या नावाखाली प्रतिष्ठा हवी आहे तो. तिसरा विद्यार्थी, त्याला नेमबाजी शिकायची आहे. तिघेही एकच वस्तू मागत असले, तरी तिघांच्या गरजा एक नाहीत. प्रत्येकाचा हिशेब म्हणूनच स्वतंत्रपणे मांडला पाहिजे.

प्रथम त्या वस्तूचा विचार करू. अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण सुटणाऱ्या गोळीमागचा वायू किंवा बंदुकीला बसणारा मागचा धक्का यांच्या जोरावर रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस नळीत चढते. खटका हाताने मागे ओढून पुन्हा पुढे सारण्याचे कष्ट वाचतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर या यंत्राने पहिल्या गोळीची किंमत बदलत नाही. दुसऱ्या गोळीची किंमत जवळजवळ शून्यावर येते. येथे किंमत म्हणजे पैसा नव्हे. वेळ, श्रम आणि विचार. या यंत्राचा सारा गुण आणि सारा दोष या एका गोष्टीत आहे.

रणांगणावर दुसरी गोळी स्वस्त असणे हा गुण ठरतो. समाजात तो तसा ठरत नाही, हा अनुभव निरनिराळ्या देशांनी मोठी किंमत मोजून घेतला आहे. १९९६ साली पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियाने बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली नागरिकांकडून मोबदला देऊन परत घेतल्या. साडेसहा लाखांच्या घरात शस्त्रे जमा झाली. २०१९ साली क्राइस्टचर्चनंतर न्यूझीलंडने तीच वाट धरली. भारताला हा धडा अशा रीतीने शिकावा लागला नाही, कारण आपल्याकडे ते दार आधीपासूनच बंद आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत अर्धस्वयंचलित बंदुका पहिल्या वर्गात टाकलेल्या आहेत. त्यांचा परवाना देणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही. तो विषय केंद्र शासनाचा, आणि सामान्य अर्जदारासाठी तो वस्तुतः बंदच आहे. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात आणि कमाल चौदा वर्षांचा कारावास सांगितला आहे. तेव्हा ‘पहिली सेमी-ऑटोमॅटिक कोणती घ्यावी’ या प्रश्नाचे भारतीय नागरिकासाठी असलेले उत्तर एका शब्दाचे आहे : कोणतीही नाही.

पण एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. बंदुकीच्या कायद्याबद्दल भारतीय मनात जुनी अढी आहे आणि ती निराधार नाही. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली जो शस्त्र कायदा झाला, त्याने देशी माणसाचे हात रिकामे केले आणि युरोपियनांना सूट दिली. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदाही झाला, ही गोष्ट बोलकी आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद केला होता. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा या दोन टोकांमधला आहे. त्याने हक्क दिला नाही. पण सामान्य माणसासाठी दारही पुरते लावून घेतले नाही. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. लोकशाहीत शोभणारे असे हे कलम आहे.

शेतकऱ्याच्या बाबतीत तर कायद्याने त्याच्या गरजेचे नावच घेतले आहे. पीकरक्षणाच्या प्रामाणिक कारणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना, इतर अटी पुऱ्या होत असतील तर, द्यावा असे अधिनियमाचे १३ वे कलम सांगते. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्यास पटले, तर पीकरक्षणासाठीही दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आजच्या शेतकऱ्याला ठासणीची बंदूक म्हणजे थट्टा वाटेल. पण या तरतुदीमागे एक व्यावहारिक शहाणपण आहे आणि ते या दोन तालुक्यांच्या भूगोलाला तंतोतंत लागू पडते.

नीरा डाव्या कालव्याने भिजणारी ही जमीन सपाट आहे. गाव गावठाणात मावत नाही. माणसे शेताशेतांतल्या वस्त्यांवर राहतात. गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडांच्या कडेला उभ्या असतात. उसाच्या फडात पाच हातांपलीकडचे दिसत नाही. अशा ठिकाणी .२२ बोअरची लहानशी गोळीदेखील अडथळा न आल्यास दोन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते; .३१५ बोअरच्या रायफलीची त्याहून पुष्कळ पुढे जाते. बारा बोअरच्या दुनळीतले छर्रे काहीशे मीटरांत आपला जोर गमावून खाली पडतात. डोंगराची भिंत मागे असलेल्या शिकाऱ्यासाठी रायफल ठीक असेल. मागे दुसऱ्याची वस्ती असलेल्या शेतकऱ्यासाठी ती नाही. चुकलेल्या गोळीचा खर्च नेम धरणाऱ्यावर पडत नसून न पाहिलेल्या माणसावर पडतो. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, त्याचे याहून ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण. तेव्हा रानात अर्धस्वयंचलितच काय, साधी रायफलही चुकीचीच निवड ठरते.

शिवाय बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली पिकांचा नाश करणाऱ्या रानडुकराला मारायचे, तरी वनखात्याची परवानगी लागते. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. चिंकारा काही त्याच्या कुंपणात राहत नाही. इंदापुरात कडबनवाडीच्या माळावरही तो दिसतो. अंधारात, विजेरीच्या झोतात डोळे चमकले म्हणून चाप ओढणाऱ्याला डुक्कर आणि चिंकारा यांतला फरक गोळी सुटल्यानंतर कळतो. शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. पण त्यावर खरा उपाय म्हणजे वेळेवर आणि पूर्ण मिळणारी नुकसानभरपाई, सामुदायिक कुंपण आणि वनखात्याच्या देखरेखीखालील कारवाई. हे उपाय अपुरे आहेत म्हणून आपापली बंदूक घ्यावी हे म्हणणे, कालव्याचे आवर्तन उशिरा येते म्हणून ज्याने त्याने कालवा फोडावा असे म्हणण्यासारखे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचे जे विवेचन केले, ते वाचल्यावर लग्नाच्या वरातीतील बंदूक आणि वाढदिवसाच्या छायाचित्रातील पिस्तूल यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अशा वस्तूचे मोल तिच्या उपयोगात नसते. ती इतरांना दिसते यात असते. बंदुकीच्या बाबतीत मात्र हे दर्शन निरुपद्रवी राहत नाही. एकाने दाखवली की दुसऱ्याला हवीशी वाटते. परवाना मिळत नाही म्हणून तिसरा गावठी कट्ट्याकडे वळतो. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवात बेफिकिरीने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्याही तीनवरून दोनवर आणली आहे. निवडणूक आली की परवानाधारकांची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करून घेतली जातात. ज्या वस्तूवर शासनाला इतके पहारे ठेवावे लागतात, ती वस्तू प्रतिष्ठेची खूण ठरावी ही समाजाच्या अभिरुचीवरील टीकाच म्हणावी लागेल.

उरला तिसरा, विद्यार्थी. या लेखाचा खरा विषय तोच. कारण रायफल हे ज्याच्यासाठी शिक्षणाचे साधन होऊ शकते असा तिघांत तोच एक आहे.

त्याला पहिली गोष्ट सांगायला हवी ती ही की, ज्या खेळातील पदकाने त्याचे डोळे दिपले आहेत, त्या खेळात अर्धस्वयंचलित रायफलीला जागाच नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील रायफल एका वेळी एकच गोळी घेते. पुढची गोळी दर वेळी हाताने ठेवावी लागते. पिस्तुलाच्या काही प्रकारांत, म्हणजे कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले त्या २५ मीटरच्या स्पर्धेसारख्या प्रकारांत, अर्धस्वयंचलित शस्त्र असते, रायफलीत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या प्राथमिक फेरीत साठ गोळ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात. म्हणजे एका गोळीला सव्वा मिनिट. तेवढ्या वेळात रायफल उचलायची, श्वास स्थिर करायचा, चाप दाबायचा. आणि मन स्थिर नसेल, तर गोळी न सोडता रायफल खाली ठेवायची. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत मोलाची. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो; खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्याला जो गाठतो, तो अधिक गोळ्या झाडून गाठत नाही. न झाडायच्या गोळ्या ओळखून गाठतो.

दुसरी गोळी महाग असणे हाच या विद्येचा पाया आहे. जे यंत्र दुसरी गोळी स्वस्त करते, ते नवशिक्याला पहिल्या गोळीबद्दल बेफिकीर करते; पहिली चुकली तर काय, मागून दुसरी आहेच. अमेरिकेतले विचारी शिक्षकसुद्धा नवशिक्याच्या हाती प्रथम .२२ बोअरची साधी रायफल देतात आणि तीत एका वेळी एकच काडतूस घालायला लावतात. याचे कारण हेच आहे.

आता दृष्टिसाधनाचा प्रश्न. आपल्या भाषेने तो फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे. मराठीत नेम म्हणजे लक्ष्य साधणे आणि नेम म्हणजे नियम, व्रत. ‘शिस्त’ या शब्दाचेही तसेच. आज आपण त्याचा एकच अर्थ वापरतो, परंतु बंदूक रोखताना ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे हा प्रयोग जुन्या मराठीत रुळलेला आहे. नेमबाजीचे सारे मर्म या दोन शब्दांत आले.

साध्या बंदुकीवर नळीच्या टोकाला माशी असते आणि मागच्या बाजूला खाच. डोळा, खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे. अडचण अशी की, माणसाच्या डोळ्याला जवळची खाच, हातभर लांबची माशी आणि दूरचे लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. स्पर्धेच्या रायफलीवर म्हणून मागे खाचेऐवजी बारीक छिद्राची चकती आणि पुढे माशीऐवजी कडे असते. छिद्रातून कडे, कड्यात लक्ष्याचा काळा गोल. वर्तुळात वर्तुळ बसवण्याची डोळ्याला उपजत हातोटी आहे. ती येथे कामी येते. स्क्रू फिरवून नेम वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकवता येतो. भिंगांची दुर्बीण मात्र या स्पर्धांत निषिद्ध आहे.

नवशिक्याला दुर्बीण हवीशी वाटते, कारण तिच्यातून लक्ष्य मोठे दिसते. पण दुर्बीण लक्ष्याबरोबर हाताचा कंपही मोठा करून दाखवते. तो पाहून विद्यार्थी घाबरतो; नेम बरोबर जागी आला की घाईने चाप खेचतो, आणि गोळी चुकते. दोष हाताचा असतो, खर्च डोळ्यावर झालेला असतो. शिवाय चांगली दुर्बीण बंदुकीच्या निम्म्या किमतीला सहज जाते; स्वस्त दुर्बीण तर स्प्रिंगच्या एअर रायफलीच्या दुहेरी धक्क्याने लवकरच नेम सोडते. बॅटरीवर चालणाऱ्या लाल ठिपक्याच्या साधनाचेही तेच. ते झटपट नेमासाठी आहे. आणि झटपट नेम ही विद्यार्थ्याची गरजच नव्हे. पहिले दृष्टिसाधन छिद्राचेच असावे. ते मिळत नसेल, तर साधी खाच आणि माशी पुरेशी आहे.

मग पहिली रायफल कोणती? ४.५ मिलिमीटर नळीची एअर रायफल. काडतूस नाही, दारू नाही. दाबाखालील हवेने शिशाचा छर्रा सुटतो. २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. एका छऱ्याचा खर्च रुपया-दोन रुपये; .२२ च्या काडतुसाचा त्याच्या कित्येक पट. दहा मीटर अंतर घरात मिळते. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले, ते याच शस्त्राने. ही काही खेळण्यातली बंदूक आहे असे समजणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिचा छर्रा डोळा घालवू शकतो. आणि पाखरांवर ती रोखणे हा गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली पाखरांचा संहार थांबवण्यासाठी लोकांनी एअरगन शासनाकडे जमा कराव्यात अशी मोहीम काढावी लागली. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, त्या इंदापूर तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. एअर रायफलीची जागा भिंतींच्या आत, शिक्षकाच्या नजरेखाली आहे.

येथे खरा प्रश्न उभा राहतो आणि तो पैशाचा आहे. शिकण्यापुरती देशी एअर रायफल काही हजारांत मिळते. परंतु वाल्थर, फाइनवर्कबाउ किंवा आनशुट्झ यांच्या स्पर्धेच्या दर्जाच्या रायफलीची किंमत दोन लाखांच्या पुढे जाते. जाड कातड्याचे जाकीट, विजार, बूट हे आणखी वेगळे. वर्षाला दोन-तीन एकर उसावर घर चालवणाऱ्याने किंवा महिना पगारावर जगणाऱ्या कारकुनाने हे कोठून आणायचे? मुलाचा हट्ट पुरवायला कर्ज काढावे, तर मुलगा पदक मिळवेल याची खात्री कोण देणार? नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ आहे, असे म्हणून मग बहुतेक पालक विषय मिटवतात.

परंतु खर्च मोठा आहे याचा अर्थ तो एकट्याने करायचा आहे असा होत नाही. समजा, दोन लाखांची एक रायफल दहा वर्षे टिकली. वर्षाचा स्थिर खर्च झाला वीस हजार. एका मुलाने रोज दोन तास वापरली, तर तो सारा भार एका घरावर. त्याच रायफलीवर दोन-दोन तासांच्या पाच पाळ्यांत पाच मुले शिकली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार हजार. म्हणजे महिन्याला साडेतीनशेहून कमी. आधुनिक रायफलीचा दस्ता आणि गालाचा टेकू ज्याच्या त्याच्या बांध्याप्रमाणे सरकवता येतो, त्यामुळे ती अनेकांना चालू शकते. रायफल दिवसाचे बावीस तास कपाटात ठेवणे ही चैन गरीब देशाला परवडणारी नाही.

हे तत्त्व या मुलुखाला नवे नाही. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना काढता येत नाही, पण हजारो शेतकऱ्यांना मिळून तो काढता येतो, हे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला दाखवले. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील कारखाने त्याच वाटेने उभे राहिले. जी वस्तू तुकड्यांत विकत घेता येत नाही, ती सर्वांनी मिळून घ्यावी, एवढाच सहकाराचा अर्थ आहे. रायफल ही तशीच वस्तू आहे.

कायदाही याच दिशेला बोट दाखवतो. स्वतःच्या नावावर बंदुकीचा परवाना घेण्यास वयाची २१ वर्षे पुरी व्हावी लागतात. मात्र त्याहून लहान मुलांना प्रशिक्षणाच्या काळात, देखरेखीखाली, ठराविक शस्त्रे वापरता येतात. नेमबाजीसाठी .२२ बोअरच्या रायफलीचा परवाना देतानाही अधिनियम मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्याचा विचार करतो. म्हणजे विद्यार्थ्याची पहिली रायफल त्याची स्वतःची असावी ही कल्पनाच कायद्याला मंजूर नाही. ती संस्थेची असावी. इतिहासही तेच सांगतो. अंजली भागवत यांचा नेमबाजीशी परिचय झाला तो मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेनेमुळे. स्वप्नील कुसाळे घडले ते शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर. नवोदितांसाठी त्यांच्याच नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरते. संसदेत नियमाने बोलायला लावणाऱ्या गृहस्थांनी नेमबाजीचे अध्यक्षपद भूषवावे, यात विसंगती काहीच नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मुलांच्या हाती बंदूक देऊन आपण हिंसेचे बीज पेरत आहोत. भीती समजण्याजोगी आहे. पण ती उलट्या जागी बसली आहे. ज्या मुलाने सहा महिने गोळी न सोडण्याचा सराव केला, रायफल नेहमी रिकामी आहे की नाही हे तपासले आणि तिचे तोंड माणसाकडे कधी वळू दिले नाही, त्याला वरातीतल्या गोळीबाराचे आकर्षण उरत नाही. उरते ती किळस. कट्ट्याचे आकर्षण अज्ञानात वाढते. दुसरा आक्षेप असा की, शाळांना शौचालये नाहीत, प्रयोगशाळा नाहीत, तेथे नेमबाजी कशाला? हा आक्षेप वजनदार आहे, आणि शौचालय की रायफल असा प्रश्न आला तर उत्तर शौचालय हेच आहे. पण येथे नवी इमारत मागितलेली नाही. पंधरा मीटर लांबीचे सभागृह, गोळ्या अडवणारी भक्कम भिंत, चार रायफली, कुलपाचे पोलादी कपाट आणि एक शिकलेला शिक्षक, एवढेच लागते. आजही बालेवाडीसारखी मोठी सोय गाठायची, तर बारामतीहून शंभर किलोमीटर आणि इंदापूरहून त्याहूनही अधिक जावे लागते. रोजच्या सरावाच्या विद्येला हे अंतर मानवत नाही. तालुक्यातून निघणारा खेळाडू पहिल्या दोन वर्षांतच गळतो, तो गुणांअभावी नव्हे, एस.टी.च्या वेळापत्रकाने.

तेव्हा तालुक्यातील महाविद्यालये, माध्यमिक शाळा, सहकारी कारखाने आणि नगरपरिषदा यांनी मिळून एका ठिकाणी असे सभागृह उभे करावे. जेथे अशी सोय आहे, तेथे ती फीच्या भिंतीआड न ठेवता संध्याकाळी सर्व शाळांना खुली करावी. रायफली संस्थेच्या नावे असाव्यात, त्यांची नोंदवही असावी, किल्ली जबाबदार हातात असावी. मुलींना निम्म्या पाळ्या राखून ठेवाव्यात. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या, हे लक्षात घेता ती मेहेरबानी ठरणार नाही. दोन-तीन वर्षे एअर रायफलीवर टिकून राहणाऱ्यांतून .२२ कडे जाणारे निवडावेत, आणि त्यांच्या काडतुसांचा खर्च कारखान्यांनी उचलावा. एका गाळप हंगामाच्या सत्कारांवर, फेट्यांवर आणि फलकांवर जे खर्च होते, त्यात चार रायफलींचा हिशेब बसावा.

आणि ज्या विद्यार्थ्याने पडद्यावर पाहून सेमी-ऑटोमॅटिकची आणि दुर्बिणीची किंमत विचारली आहे, त्याला रागावू नये. त्याला त्या सभागृहात न्यावे, छिद्राच्या चकतीतून लक्ष्याचा काळा गोल दाखवावा, आणि हातात एकच छर्रा द्यावा.